मेल उघडला म्हणजे वाचला का? ईमेलवरच्या वाचकांचा प्रतिसाद मोजायचा कसा?

गूळपेठ | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचे गुळाचे दुकान आहे. आजोबांनी घातलेले हे दुकान आता मी आणि माझा पुतण्या चालवतो. गेली सात वर्षे आम्ही दर महिन्याच्या अखेरीस गिऱ्हाइकांना ईमेलने एक पत्र पाठवतो. कोणत्या गावच्या गुऱ्हाळाचा माल आला आहे, बिनरसायनाचा गूळ कोणता, काकवी कधी निघणार, पार्सलचा दर काय, असा साधा मजकूर त्यात असतो. यादीत ४,१५० पत्ते आहेत. त्यातले बहुतेक बिल करताना विचारून लिहून घेतलेले आहेत आणि निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे आहे.

मेल पाठवणाऱ्या सेवेच्या पानावर ‘ओपन रेट’, म्हणजे शेकडा किती जणांनी मेल उघडला, असा एक आकडा दिसतो. २०२१ च्या उन्हाळ्यात तो २२ टक्के होता, आज ४१ आहे. पुतण्याने हा आकडा दुकानातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवतो. परंतु पत्रातून येणाऱ्या ऑर्डरी मात्र वाढलेल्या नाहीत, उलट यंदाच्या दिवाळीत गेल्या दिवाळीपेक्षा कमीच आल्या. वाचणारे जवळजवळ दुप्पट झाले आणि घेणारे घटले, हा हिशेब माझ्या वहीत बसत नाही.

माझे विचारणे एवढेच आहे की, लोक पत्र खरोखर वाचतात की नाही हे कळण्याचा खात्रीचा मार्ग कोणता, आणि वाचत नसतील तर काय बदलावे? पुतण्याचे म्हणणे आहे की विषयाची ओळ अधिक चटकदार हवी. मला ते पटत नाही, पण माझ्याजवळ दुसरे उत्तरही नाही.

बिंदूचौक | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

महाद्वार रोडवरून दिवाळीत जितकी माणसे जातात, ती सगळी आपल्या दुकानात आली असे कोणी धरत नाही. ओपन रेटचे तसेच आहे. फळा पुसा.

पंचगंगाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५५

बिंदूचौक यांनी थोडक्यात सांगितले ते बरोबर आहे, पण कारण समजल्याशिवाय पुतण्या फळा पुसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी अशाच पाठवणी-यंत्रणांच्या देखभालीचे काम करतो.

मेल उघडला गेल्याची खबर पाठवणाऱ्याला मुळात मिळतच नाही. म्हणून पाठवणारी सेवा पत्रात एक पारदर्शक चित्र टाकते, ज्याची रुंदी एक पिक्सेल आणि उंचीही एकच पिक्सेल असते. प्रत्येक वाचकासाठी त्या चित्राचा पत्ता निराळा असतो. वाचकाच्या फोनने ते चित्र मागवले की ‘अमुक यांनी मेल उघडला’ अशी नोंद पडते. म्हणजे मोजले जाते ते चित्राचे मागवणे. वाचणे त्यात कुठेच येत नाही.

आता हे चित्र माणसाऐवजी यंत्रानेच मागवले तर? नेमके तेच झाले आहे. डिसेंबर २०१३ पासून जीमेल सर्व चित्रे आपल्या सर्व्हरमार्फत आणून दाखवू लागले, त्यामुळे वाचक कुठून आणि कोणत्या यंत्रावर वाचतो हे झाकले गेले, तरी उघडल्याची नोंद बऱ्यापैकी टिकली. खरा घाव सप्टेंबर २०२१ मध्ये बसला. अॅपलने आयओएस १५ सोबत ‘मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन’ आणले. ज्यांनी ते चालू ठेवले, त्यांच्या मेलमधली चित्रे अॅपलचे सर्व्हर आधीच मागवून ठेवतात, मग वाचकाने ते पत्र उघडो वा न उघडता पुसून टाको. तुमच्या नोंदीत तो ‘उघडला’ म्हणूनच येतो. एक बारकावा असा की ही व्यवस्था अॅपलच्या मेल अॅपपुरती आहे. आयफोनवर जीमेलचेच अॅप वापरणाऱ्याला ती लागू होत नाही, पण अॅपलच्या मेल अॅपमध्ये जीमेलचे खाते जोडणाऱ्याला होते.

तुमचा आकडा नेमका कोणत्या महिन्यापासून चढला, ते पाहा.

गूळपेठ | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

पुतण्याला रात्रीच बसवले. सप्टेंबर २०२१ अखेर २३ टक्के, डिसेंबरअखेर ३४ आणि पुढे चढत-चढत ४१. त्या तीन महिन्यांत आम्ही पत्रात काहीही बदलले नव्हते. पुतण्या जरा गप्प आहे.

रंकाळ्यावरून | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

माझे मत थोडे वेगळे आहे. ओपन रेट टाकाऊ झाला असे सरसकट म्हणणे म्हणजे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे म्हणून ते भंगारात घालण्यासारखे आहे. बहुतेक सेवांमध्ये अॅपलच्या यंत्रणेने केलेली नोंद वेगळी काढता येते. ती वगळून उरलेल्या वाचकांचा आकडा महिन्यामागून महिना पाहिला, तर त्याच्या चढउतारातून काहीतरी कळतेच. विशेषतः तो एकदम कोसळला, समजा १९ वरून ८ वर आला, तर पत्रे स्पॅममध्ये जाऊ लागली आहेत असे समजावे. ही खूण इतर कोणताही आकडा इतक्या लवकर देत नाही. मी एका शिकवणी वर्गाचे मेल सांभाळतो, आणि गेल्या जूनमध्ये आम्हाला वेळीच जाग आली ती याच आकड्यामुळे.

पंचगंगाकाठ | ५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

रंकाळ्यावरून, मान्य आहे. धोक्याची घंटा म्हणून तो आकडा ठेवावा, फक्त त्याला यशाचे मोजमाप म्हणू नये. त्यात उलट बाजूची चूकही आहे हे मात्र ध्यानात असू द्या. ज्याने चित्रे बंद ठेवली आहेत त्याने पत्र शब्द न् शब्द वाचले तरी नोंद होत नाही. शिवाय मेलचा एचटीएमएल मजकूर १०२ किलोबाइटच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापते आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी ओळ दाखवते. ते पिक्सेल सहसा अगदी तळाशी असते, तेव्हा ते कापलेल्या भागात जाते आणि वाचलेले पत्रही न वाचलेले ठरते.

मराठीत लिहिणाऱ्यांना ही मर्यादा लवकर गाठते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, तर रोमन अक्षर एकच. काही जुनाट साधने देवनागरीचे सांकेतिक क्रमांक करून ठेवतात, तिथे एकेका चिन्हाला सात बाइट लागतात. त्यात मजकूर वर्डमधून उचलून चिकटवला असेल तर त्याच्याबरोबर न दिसणारा सगळा केरकचराही येतो. मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकून मग उचलावा.

उद्यमनगरी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ओपन गेले म्हणून ‘क्लिक मोजा’ असे आता कोणीतरी सांगणारच, म्हणून आधीच सावध करतो.

आमची फाउंड्री आहे. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग बनवतो. दोन वर्षांपूर्वी नवीन मोल्डिंग लाइनची माहिती देणारा मेल १८० कंपन्यांच्या खरेदी विभागांना पाठवला. सकाळी ठीक दहाला मेल गेला आणि चहा येईपर्यंत पडद्यावर ६१ जणांनी क्लिक केल्याचे दिसले. मी हरखून गेलो. त्यातल्या पहिल्या पाच जणांना लगेच फोन लावले. चौघांनी सांगितले की मेल अजून पाहिलाच नाही, पाचवे साहेब तर त्या दिवशी रजेवर होते.

नंतर नोंदी उघडून नीट पाहिल्या. त्या ६१ जणांनी मेलमधल्या सातही दुव्यांवर चार सेकंदांच्या आत क्लिक केले होते. नकाशा, कॅटलॉग, अगदी तळाचा ‘यादीतून नाव काढा’ हा दुवासुद्धा. मोठ्या कंपन्यांच्या मेल-सुरक्षा यंत्रणा आलेल्या प्रत्येक दुव्याची तपासणी स्वतः उघडून करतात. ते क्लिक त्यांचे होते. आमच्या सेवेने त्यातल्या काही जणांची नावे यादीतून काढलीही होती, कारण तिथे दुवा उघडला की नाव कमी होत असे. ज्यांनी मेल पाहिलाच नाही ते आमच्यावर नाराज होऊन गेले, अशी नोंद झाली.

पंचगंगाकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

याच गोंधळासाठी २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ हे मानक आले. त्यात नाव काढण्याची विनंती नुसता दुवा उघडून मान्य होत नाही, तर मेल-अॅपने ती ‘पोस्ट’ पद्धतीने वेगळी पाठवावी लागते. दुवे तपासत फिरणारे यंत्र तसे करत नाही. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसते, त्यामागे हीच व्यवस्था असते. उद्यमनगरी, तुमच्या सेवेला ते मानक लावायला सांगा. आणि क्लिक मोजताना पाठवल्यापासूनच्या पहिल्या मिनिटातले, तसेच एकाच वाचकाने सगळे दुवे एकदम उघडल्याचे क्लिक बाजूला काढा.

बिंदूचौक | ५ नोव्हेंबर, रात्री १०:२०

म्हणजे उघडणारा अॅपल, क्लिक करणारे तपासयंत्र, आणि आता मजकूरही पुष्कळजण यंत्राकडून लिहून घेतात. माणसांनी यातून अंग काढून घेतले तरी उद्योग सुरळीत चालेल.

कागलची_वाट | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:००

एवढे सगळे करण्यापेक्षा व्हॉट्सअॅप वापरा. निळी खूण आली की वाचले. विषय संपला.

रंकाळ्यावरून | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

कागलची_वाट, विषय इतक्यात संपत नाही. व्हॉट्सअॅपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. त्यापुढे जायचे तर प्रत्येक जाहिरात-संदेशामागे पैसे मोजावे लागतात. शिवाय निळी खूण बंद ठेवणारे कमी नाहीत. ईमेलची यादी निदान आपली असते. सेवा बदलली तरी ती उचलून दुसरीकडे नेता येते.

संख्याशास्त्री | ६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

पुतण्याच्या ‘चटकदार विषयओळी’बद्दल दोन शब्द लिहितो, कारण महाविद्यालयात हाच विषय शिकवण्यात माझी हयात गेली. दोन ओळी दोन गटांना पाठवून कोणती चालते हे पाहण्याची पद्धत चांगलीच आहे, परंतु लहान यादीवर ती फार फसवी ठरते.

समजा, ‘अ’ ओळ ४०० जणांना आणि ‘ब’ ओळ दुसऱ्या ४०० जणांना पाठवली. ‘अ’वर १२ क्लिक आले, ‘ब’वर १७. कोणीही म्हणेल की ‘ब’ने बाजी मारली, जवळजवळ दीडपट. पण अगदी एकच पत्र, तीच ओळ, दोन्ही गटांना पाठवली असती तरी निव्वळ योगायोगाने पाच किंवा अधिक क्लिकचा फरक तीनदा पाठवले तर एकदा तरी पडलाच असता. खात्री वाटत नसेल तर एकदा करून पाहावे: यादीचे दोन भाग करून दोन्हींना एकच पत्र पाठवावे. जो फरक दिसेल तो तुमच्या मोजपट्टीचा हेलकावा, आणि त्याहून लहान कोणत्याही फरकावर विश्वास ठेवू नये.

गूळपेठ | ६ नोव्हेंबर, रात्री ९:२५

सर, पुतण्याने गेल्या वर्षभरात अशा नऊ चाचण्या केल्या आहेत आणि त्यांची वही ठेवली आहे. तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. त्याने वही बंद करून कपाटात ठेवली. वही जाड आहे.

पापाचीतिकटी | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

आमचा चपलांचा व्यवसाय आहे. दुकान आहे आणि चार वर्षांपासून ऑनलाइनही विकतो. वरची सगळी चर्चा वाचली. यंत्रे काय मोजतात हे कळले, पण वाचक काय वाचतात याबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगते.

सुरुवातीला आम्हीही दर आठवड्याला ‘खास सवलत’ म्हणून पत्र पाठवत होतो. विषयओळीत एकदा अस्सल कोल्हापुरी बोलही टाकून पाहिला. पुण्याच्या एका बाईंनी विचारले, हे नक्की तुम्हीच पाठवले आहे ना, की तुमचे खाते कोणी पळवले? बोलायची भाषा आणि लिहायची भाषा यांत आपल्याकडे अंतर आहे, आणि नेहमी नीट मराठीत लिहिणारा दुकानदार एकदम गल्लीतल्या मित्रासारखा बोलू लागला की वाचक बिचकतो.

नंतर एका महिन्यात विकायला नवीन काहीच नव्हते, म्हणून चामडे कसे कमावतात ते लिहिले. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते किती दिवस राहते, त्याला तो रंग कसा येतो, नवी चप्पल चावते तेव्हा आतल्या बाजूने तेल कसे लावावे, एवढेच. विषयओळ होती ‘नवी चप्पल चावते तेव्हा’. फोनवर तीस-पस्तीस अक्षरांपुढे ओळ कापली जाते, ही त्यात मावली. शेवटी विचारले होते की तुमच्या घरी चप्पल मऊ करायला काय करतात? त्या पत्राला ५८ जणांनी उत्तरे लिहिली. कोणी एरंडेल सांगितले, कोणी खोबरेल, आणि एका आजोबांनी तर रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्याची कृती पाच परिच्छेदांत कळवली (ती करू नका, चामडे खराब होते). त्या महिन्यात सवलत नसतानाही विक्री इतर महिन्यांसारखीच झाली, पण पुढच्या पत्रांना उत्तर देणारी माणसे तयार झाली. तेव्हापासून मी उत्तरे मोजते. तपासयंत्र उत्तर लिहीत नाही. उत्तर आले की त्या वाचकाकडे आमचे पुढचे पत्र जीमेलच्या ‘प्रमोशन्स’ कप्प्यात न जाता बहुधा समोरच पडते, असाही माझा अनुभव आहे.

गूळपेठ काका, एक विचारू का? तुमच्या पत्राला कोणी ‘रिप्लाय’ केला तर तो नक्की कुठे जातो?

गूळपेठ | ७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१५

ताई, आजवर एकही उत्तर आलेले नाही. लोक उत्तर देत नसावेत.

पापाचीतिकटी | ७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

काका, सात वर्षांत ४,१५० माणसांपैकी एकानेही ‘पार्सल कधी निघाले’ असेसुद्धा विचारले नाही, हे कसे शक्य आहे? पाठवणाऱ्याचा पत्ता कोणता आहे तो पाहा बरे.

मुक्काम_पुणे | ८ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

वाचकाची बाजू मांडतो. मूळचा मंगळवार पेठेतला, पंचवीस वर्षे पुण्यात. गावाकडच्या दोन-तीन दुकानांची अशी पत्रे मला येतात. मी ती वाचतो, चित्रे बंद ठेवून वाचतो, कोणत्याही दुव्यावर बोट लावत नाही आणि उत्तरही लिहीत नाही. नवरात्रात किंवा मे महिन्यात गावी आलो की पत्रात वाचलेले लक्षात ठेवून दुकानात जातो आणि रोख पैसे देऊन माल घेतो. म्हणजे वर सांगितलेल्या एकाही आकड्यात मी नाही. उद्या ‘हा वाचत नाही’ म्हणून यादीतून माझे नाव काढाल, तर एक नियमित गिऱ्हाईक घालवाल.

संख्याशास्त्री | ८ नोव्हेंबर, दुपारी १२:००

मुक्काम_पुणे यांच्यासारख्या वाचकाला मोजण्याचा एक जुना आणि साधा उपाय आहे. यादीतील दर दहा जणांपैकी एकाची निवड चिठ्ठ्या टाकून करावी. ओळखीचा, जुना, नवा असा विचार न करता. या दहाव्या भागाला दोन-तीन महिने पत्र पाठवूच नये. बाकीच्यांना नेहमीप्रमाणे पाठवावे. मग दोन्ही गटांपैकी शेकडा किती जणांनी खरेदी केली ते पाहावे, आणि त्यात दुकानातली रोख खरेदीही धरावी. बिलावर मोबाइल क्रमांक असतोच, त्यावरून माणूस जुळवता येतो. पत्र मिळालेल्यांची खरेदी जेवढी अधिक, तेवढेच पत्राचे श्रेय. उघडले का, क्लिक केले का, हे प्रश्नच मग उरत नाहीत.

उद्यमनगरी | ८ नोव्हेंबर, दुपारी १२:३५

सर, संक्रांतीच्या तोंडावर दहावा हिस्सा गिऱ्हाइकांना पत्र पाठवायचे नाही, हे व्यापाऱ्याला सांगायला छातीच लागते.

गूळपेठ | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४५

पापाचीतिकटी ताईंच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. सविस्तर लिहितो.

सात वर्षांपूर्वी ज्या माणसाने ही सगळी जुळणी करून दिली, त्याने पाठवणाऱ्याचा पत्ता ‘नोरिप्लाय’ असा ठेवला होता. माझी समजूत अशी की त्या पत्त्यावर काही पोहोचतच नाही. पुतण्याने आज शोधले, तर ते खरोखरीचे खाते निघाले आणि त्याचा पासवर्ड जुन्या कराराच्या कागदावर पेनने लिहिलेला सापडला. आत १,२६० मेल होते, एकही न उघडलेला. बहुतेक ‘पत्ता चुकीचा आहे’, ‘मी रजेवर आहे’ असे आपोआप आलेले होते. ते बाजूला काढल्यावर माणसांनी लिहिलेले १४३ उरले.

दुकान बंद करून आम्ही दोघे गादीवर बसून ते वाचत होतो. एकाने डोहाळजेवणासाठी काकवीच्या बारा बाटल्या मागितल्या होत्या. एकाने कळवले होते की गूळ पावसाळ्यात पाझरला, काय करावे. तिघांनी नाव काढायला सांगितले होते आणि त्यांना आम्ही पुढे कितीतरी वर्षे पत्रे पाठवत राहिलो. ऑगस्ट २०१९ मधले नऊ मेल होते. शाहूपुरीत पाणी शिरल्याचे टीव्हीवर पाहून लोकांनी विचारले होते की दुकान कसे आहे, माल वाचला का, तुम्ही सगळे सुखरूप आहात ना. त्या वेळी आमच्या दुकानात कमरेएवढे पाणी होते आणि विचारपूस करणारे कोणी नाही असे आम्हाला वाटत होते.

आज पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला. आता उत्तर थेट माझ्या फोनवर येईल.

पापाचीतिकटी | १० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

काका, त्या नऊ जणांना आता तरी उत्तर लिहा. उशीर झाला तरी चालेल.

बिंदूचौक | १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी फळा पुसा म्हणालो होतो. आज विनोद सुचत नाही.

पंचगंगाकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ९:१०

गूळपेठ, त्या आपोआप आलेल्या मेलकडेही लक्ष द्या. जे पत्ते कायमचे बंद झाले आहेत, ते लगेच काढा. नसलेल्या पत्त्यांवर पाठवत राहणाऱ्याला मेल-सेवा कचरा पाठवणारा समजू लागतात. ज्या तिघांनी नाव काढायला सांगूनही पत्रे मिळाली, त्यांनी एव्हाना ‘स्पॅम’चे बटण दाबले असण्याची शक्यता दाट आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले आहेत. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळख-चाचण्या, तसेच एका टिचकीत नाव काढण्याची सोय बंधनकारक आहे. तुम्ही त्या मर्यादेच्या आत आहात, पण स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनच्या खाली ठेवण्याची अट सर्वांनाच आहे, आणि हजारी एकच्या खाली राहावे असे गूगल स्वतः सुचवते. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये हे प्रमाण दिसते, मात्र पाठवणी थोडी असेल तर ते पान रिकामेच राहते.

नाव काढण्याचा दुवा तळाशी बारीक राखाडी अक्षरांत लपवू नका. ज्याला जायचे आहे त्याला दार सापडले नाही तर तो स्पॅमचे बटण दाबून भिंत पाडून जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे असे म्हटले आहे.

कागलची_वाट | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

आमच्या ओळखीत एकाने पन्नास हजार पत्त्यांची तयार यादी विकत घेतली होती. पहिल्याच पाठवणीनंतर त्याचे नेहमीच्या गिऱ्हाइकांना जाणारे बिलाचे मेलसुद्धा स्पॅममध्ये पडू लागले. ते सावरायला चार महिने गेले. व्हॉट्सअॅपबद्दलचे माझे मत कायम आहे, पण ईमेल करायचेच तर यादी विकत घेऊ नये, एवढे माझ्याकडून.

गूळपेठ | १९ जानेवारी, रात्री ९:००

बरेच दिवसांनी येत आहे, हंगाम होता. काय केले आणि काय झाले ते कळवतो.

बंद पडलेले ३१२ पत्ते काढले, ३,८३८ राहिले. संख्याशास्त्री सरांच्या सांगण्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकून ३८४ जण बाजूला ठेवले (पुतण्याने चिठ्ठ्या संगणकाकडून काढल्या) आणि ३,४५४ जणांना नोव्हेंबर व डिसेंबर अखेरची पत्रे पाठवली.

पत्राचा मजकूर बदलला. नोव्हेंबरमध्ये एकाच गुऱ्हाळाबद्दल लिहिले. काहिलीत रस उकळत असताना भेंडीचे पाणी टाकून मळी कशी वर आणतात, पाक तयार झाला हे गुळव्या बोटाने पाण्यात गोळी करून कसे ओळखतो, आणि पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असला तरी बिनरसायनाचा गूळ काळपट तांबूस का असतो. शेवटी विचारले की तुम्हाला दहा किलोचा रवा परवडतो की किलोची ढेप हवी? ४७ उत्तरे आली. त्यातल्या ३१ जणांनी अर्धा किलो मागितला, जो आम्ही ठेवतच नव्हतो. डिसेंबरमध्ये अर्ध्या किलोच्या ढेपा केल्या आणि पत्रात तसे लिहिले. २६ उत्तरे आली.

आता सरांच्या चाचणीचा हिशेब. दुकान आणि पार्सल मिळून १५ जानेवारीपर्यंत, पत्र मिळालेल्या ३,४५४ पैकी २११ जणांनी खरेदी केली, म्हणजे ६.१ टक्के. पत्र न मिळालेल्या ३८४ पैकी १८ जणांनी केली, म्हणजे ४.७ टक्के. पुतण्या खडू घेऊन तयार आहे. लिहू द्यावे का?

संख्याशास्त्री | १९ जानेवारी, रात्री १०:१५

खडू खाली ठेवावा. फरक १.४ टक्क्यांचा दिसतो, पण ३८४ इतक्या लहान गटात निव्वळ योगायोगाचा हेलकावाच दोन्ही बाजूंना सव्वादोन टक्क्यांपर्यंतचा आहे. सोप्या भाषेत, बाजूला ठेवलेल्यांपैकी आणखी पाच जण सहज दुकानात आले असते तर फरक जवळजवळ शून्य झाला असता. पत्राचा उपयोग होत नाही असे मी म्हणत नाही. कल योग्य दिशेला आहे, पण पुरावा अजून झालेला नाही. या वेळी नव्याने चिठ्ठ्या टाकून पाडव्यापर्यंत पुन्हा करा, आणि दोन्ही वेळचे आकडे एकत्र मांडू.

मुक्काम_पुणे | २० जानेवारी, सकाळी ९:३०

मला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शाहूपुरीतल्या एका दुकानाचे पत्र आले नाही. मी समजून गेलो. संक्रांतीला गावी आलो तेव्हा सवयीने जाऊन गूळ घेतला, त्यामुळे त्या १८ मध्ये बहुधा मी आहे. तुमचा आकडा बिघडवला असल्यास क्षमस्व.

गूळपेठ | २० जानेवारी, रात्री ९:५०

मुक्काम_पुणे, आकडा बिघडला नाही, तुम्ही त्यात पहिल्यांदाच आलात. पुढच्या चिठ्ठीत तुमचे नाव न येवो.

पुतण्याने ४१ पुसला आहे. फळ्यावर आता ‘आलेली उत्तरे २६, द्यायची राहिलेली ३’ असे लिहिले आहे. त्या तिघांपैकी एक नाशिकचे आहेत, अर्ध्या किलोची ढेप फ्रिजमध्ये ठेवावी का असे विचारतात. त्यांना आज झोपण्यापूर्वी लिहितो.